मीटरनं बारा दाखवलं

माझ्या दुकानात गाडीच्या आधी निदान यायचं. माणूस अजून सीटवरून उतरलेला नसायचा आणि सांगून मोकळा व्हायचा, "चाचा, इंजेक्टर गेलेत. चारी बदलून टाका." कोणी सांगितलं? तर मेव्हण्यानं सांगितलं, नाहीतर मोबाइलवर बघितलं. मी म्हणायचो, "मग मेव्हण्यालाच बदलायला सांगा की." काही जण हसायचे, काही जण गाडी वळवून निघून जायचे. जाऊ द्या म्हणायचो.

तीस वर्षांच्या वर लातुरात गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. आता जवळचं दिसत नाही आणि हात थरथरतो, म्हणून दुकान बंद केलंय. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "महेबूबचाचा, दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं लिहा. गमतीदार गिऱ्हाइकं आठवा." गमतीदार गिऱ्हाइकं पुष्कळ होती. देवणीकडच्या एका शेतकऱ्याच्या बैलानं जीपच्या मागच्या दिव्यांची सगळी वायर चावून टाकली होती, आणि तो जीपसोबत बैलालाही टेम्पोत घालून घेऊन आला होता. वायर किती पोटात गेली असेल ते मी सांगावं म्हणून. पण लिहायला बसलो की बैल बाजूला राहतो आणि एक जुनी व्हॅन डोळ्यांपुढं येऊन उभी राहते. मग डोकं तापतं. तेव्हा हलकंफुलकं दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या. मी त्या व्हॅनचं लिहितो.

आधी इंजेक्टर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जुन्या पेट्रोल गाड्यांत कार्बोरेटर असायचा. नंतरच्या गाड्यांत तो गेला आणि प्रत्येक सिलेंडरला एक छोटा नळ आला. तोच इंजेक्टर. हा नळ विजेवर उघडतो. त्याला दोन वायरी असतात. एकीत, चावी फिरवली की बॅटरीचा करंट येऊन उभा राहतो. दुसरी गाडीच्या कॉम्प्युटरकडे जाते. कॉम्प्युटरनं ती क्षणभर अर्थला जोडली की नळ उघडतो, पेट्रोलचा फवारा उडतो. सोडून दिली की नळ बंद. मिनिटात शेकडो वेळा हे चाललेलं असतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरला टेकवून मूठ कानाला लावली की त्याची टिकटिक ऐकू येते. टिकटिक थांबली की इंजिन थांबलं.

ती का थांबली हे शोधणं म्हणजे माझा धंदा. नळ जळाला असेल, कॉम्प्युटर गेला असेल, नाहीतर मधली वायर गेली असेल. जुन्या गाडीत बहुतेक वेळा वायरच असते. पण वायर कोणाला बघायची नसते. तिच्यासाठी वाकावं लागतं, पाठीवर झोपावं लागतं, बोटं कापून घ्यावी लागतात. इंजेक्टर काय, खोक्यात नवाकोरा मिळतो. जुना काढा, नवा घाला. याला लोक दुरुस्ती म्हणतात. मी याला अंगचोरी म्हणतो.

मी हे काम नांदेडला करीम उस्तादांच्या हाताखाली शिकलो. माणूस किरकोळ, पण आवाज असा की रस्त्यापलीकडचा चहावाला दचकायचा. शिकवताना ते कधी शिकवतोय असं बोलले नाहीत. त्यांचा सगळ्यात मोठा धडा मला दुकानात मिळाला नाही, भूकंपात मिळाला.

भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी उस्तादांनी दुकान बंद केलं, हत्यारांची पेटी उचलली आणि भाकऱ्या नि चादरी घेऊन औसा तालुक्याकडं निघालेल्या एका ट्रकमध्ये मला घेऊन बसले. "गाड्या बंद पडतील तिकडं," एवढंच म्हणाले. गाव म्हणावं असं तिथं काही उरलं नव्हतं. दगड आणि माती. एका बाभळीखाली जखमींना नेण्यासाठी आलेली एक जीप उभी होती, आणि ती सकाळपासून सुरू होत नव्हती. शेजारी तीन बाजांवर तीन माणसं. जीपबरोबर आलेला मेकॅनिक हातात मीटर घेऊन उभा होता. म्हणाला, "बॅटरी पक्की बारा व्होल्ट दाखवते. स्टार्टर जळालाय. नवा मागवलाय."

उस्तादांनी पेटीतून इंडिकेटरचा एक साधा बल्ब काढला. त्याला दोन वायरी जोडलेल्या. एक टोक बॅटरीला लावलं, दुसरं इंजिनच्या अंगाला. बल्ब उजळला नाही. विझत आलेल्या विडीसारखा नुसता लाल झाला. उस्ताद त्या मेकॅनिकवर ओरडले ते मला अजून ऐकू येतं. "मीटर तो खाली हाथ चलता रे! वजन देके देख वायर को!"

बॅटरीहून इंजिनला जाणारी अर्थची पट्टी वरून धडधाकट दिसत होती, आत कुजली होती. सुताच्या दोरीचा एक धागा उरला तरी त्याला टाचणी लटकते, घागर लटकत नाही. मीटर म्हणजे टाचणी. त्याला करंट जवळजवळ लागतच नाही, म्हणून एका तारेवरसुद्धा ते बारा दाखवतं. बल्ब म्हणजे घागर. आम्ही आमच्या ट्रकची केबल मधे जोडली आणि जीप पहिल्याच झटक्यात सुरू झाली. दोन बाजा आत चढवल्या. तिसऱ्या बाजेवरच्या बाईच्या तोंडावर तोवर लुगड्याचा पदर ओढलेला होता. ती दुपारी गेली होती. जीप सकाळपासून तिथंच होती.

परत येताना उस्तादांनी तो बल्ब पुसून पेटीत ठेवला. मला मात्र तेव्हापासून एक राग जडला. अडाण्याचा राग मला येत नाही. न बघता सांगणाऱ्याचा येतो.

आता व्हॅनकडं येतो.

भूकंपानंतर मी लातुरात दुकान टाकलं. पुढच्या काही वर्षांत हे गाव माझ्याच डोळ्यांसमोर ओळखू येईनासं झालं. क्लास आले. क्लासच्या मागं होस्टेलं, मेस, झेरॉक्सची दुकानं आली, आणि चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे दोन मजली फोटो. निलंगा, उदगीर, देगलूर, कुठून कुठून पोरं यायची. त्यांना खोलीवरून क्लासला आणि क्लासवरून खोलीवर नेणाऱ्या व्हॅनही आल्या. त्यातली एक व्यंकटची.

व्यंकट भूकंपातल्याच एका गावचा. आईबाप त्या पहाटे गेले, तो आजोळी होता म्हणून वाचला. पुनर्वसनाच्या नव्या गावात त्याला एक पत्र्याचं घर आणि त्या घराला एक नंबर मिळाला होता. तिशीतला गडी, अंगानं आडवा, बोलणं मोजकं. दारूला शिवत नव्हता, तंबाखू खात नव्हता, आणि गाडीत गाणी लावत नव्हता, कारण पोरं मागं बसून पाठांतर करायची. व्हॅन त्यानं जुनी घेतली होती, एका मोठ्या क्लासकडूनच. त्या क्लासच्या मालकांना सगळं गाव सर म्हणतं, मीही सरच म्हणतो. नाव लिहीत नाही. त्याच क्लासची पोरं तो ने-आण करायचा.

एक दिवस व्यंकट माझ्याकडं आला. "चाचा, गरम झाली की गाडी जीव सोडून राहिली. थंड झाली की पुन्हा नीट चालती. लई ठिकाणी दावली."

दावली होती खरी. एका चकचकीत वर्कशॉपनं चारी इंजेक्टर बदलले होते. दुसऱ्यानं पेट्रोलचा पंप. तिसऱ्यानं प्लग आणि वर सल्ला, की कॉम्प्युटरच गेलाय. त्या दिवशी माझ्या दारात साखर कारखान्याच्या दोन गाड्या उभ्या होत्या आणि त्यांचे ड्रायव्हर माझ्या डोक्यावर बसले होते. मी व्हॅनची पुढची सीट उचलली, कारण तिचं इंजिन सीटखाली असतं. इंजेक्टरच्या वायरीचा प्लग काढला. चावी फिरवायला लावली आणि मीटर लावलं. मीटरनं बारा दाखवलं.

"वायरिंग ठीक आहे रे," मी म्हणालो. "पेट्रोल दुसऱ्या पंपावर भरून बघ."

बल्ब माझ्या पेटीत होता. हाताच्या अंतरावर. काढला नाही.

पंधरा दिवसांनी प्रवेश परीक्षा होती. त्या वर्षी लातूरच्या काही पोरांना नांदेडचं केंद्र आलं होतं. व्यंकट सहा जणांना घेऊन उजाडायच्या आत निघाला. तीन तासांचा रस्ता, आणि दीड तास हातात राखून. अहमदपूर ओलांडलं, ऊन वर आलं आणि माळाकोळीच्या अलीकडं गाडी बंद पडली. त्यानं सीटखाली इंजिनवर ओले कपडे घातले, गार केली, सुरू केली. चार किलोमीटरवर पुन्हा बंद. मग तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात करायला लागला. एक काळीपिवळी जीप थांबली. तिच्यात पाच जणांची जागा होती. पाच पोरं पळत जाऊन बसली. सहावी पल्लवी, निलंग्याच्या एका एसटी कंडक्टरची मुलगी. तिला कोणी हात दिला नाही आणि ती भांडलीही नाही. पुढच्या टेम्पोत व्यंकटनं तिला बसवलं आणि स्वतःही चढला, गाडी रस्त्यावर तशीच सोडून. केंद्रावर पोचले तेव्हा गेट बंद होऊन अकरा मिनिटं झाली होती. व्यंकटनं गेटवरच्या शिपायाचे पाय धरले. शिपाई म्हणाला, "माझ्या हातात काही न्हाई बाबा." त्याच्या हातात खरंच काही नव्हतं.

दोन दिवसांनी क्लासच्या दारातल्या फळ्यावर व्यंकटचा फोटो लागला. खाली लिहिलेलं: हा चालक बेजबाबदार असून निकृष्ट पेट्रोल वापरतो. पालकांनी याच्या गाडीतून पाल्यास पाठवू नये. पल्लवीचे वडील, कांबळे, निलंग्याहून आले आणि फळ्याखालीच त्यांनी व्यंकटच्या थोबाडीत मारली. व्यंकटनं हात वर केला नाही. दारू पिऊन चालवत होता, असंही कोणीतरी उठवलं, आणि सगळ्या पोरांनी दुसरी गाडी धरली.

मग तो गाडी ओढून माझ्या दुकानात घेऊन आला. म्हणाला, "चाचा, दुरुस्त करू नका. फकस्त बघून सांगा. माझ्यामुळं झालं का? झालं असंल तर मी तसं त्या पोरीच्या बापाला सांगतो."

ते ऐकून मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. येणाऱ्या गाड्या परत पाठवल्या. सीट खाली टाकून, इंजिन झाकून गाडी चालू ठेवली, भर दुपारी, उन्हात. अर्ध्या तासानं इंजिन अडखळलं आणि बंद पडलं. मी सीट उचलली. व्यंकटला स्टार्टर मारायला लावला आणि स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. टिकटिक नाही. पंप चालू होता, स्पार्क प्लगला ठिणगी होती. इंजेक्टरच्या वायरीचा प्लग काढून मीटर लावलं. बारा. बरोबर पहिल्या वेळी दाखवले होते तेवढेच बारा. मग बल्ब लावला.

लाल विडी.

त्यानंतर काही अवघड नव्हतं. रिलेजवळ, म्हणजे जिथून इंजेक्टरला करंट सुटतो तिथं, बल्ब पांढरा जळत होता, इंजेक्टरजवळ लाल. दोष मधल्या हातभर वायरीत. इंजिनमागच्या पत्र्याला चिकटून जाणारा वायरींचा जुडगा सोडवला, तर आत काळ्या टेपची एक गाठ. टेपचा डिंक उष्णतेनं वितळून वाहत होता. खाली वायर कापून पुन्हा नुसती पिळून जोडलेली. ना सोल्डरचा डाग, ना वर रबरी नळी. तांबं हिरवं पडलेलं आणि तुटत तुटत दोन-तीन तारा उरलेल्या. इंजिन तापलं की तेवढ्याही धरत नव्हत्या.

ही वायर कोणी का कापेल, हे मला बघताक्षणी कळलं. गाडी गॅसवर चालवायची असली की पेट्रोलचे नळ बंद ठेवावे लागतात. स्वस्तातला गॅसकिट बसवणारा तेवढ्यासाठी हीच वायर कापून मधे बटण घालतो. पुढं किट काढलं की टोकं पिळून टेप गुंडाळतो आणि निघून जातो.

"तू गॅस लावला होतास?"

"न्हाई चाचा. मी घेतली तवापासून पेट्रोलवरच हाय."

कागद बघितले. पहिला मालक क्लास, दुसरा व्यंकट. तिसरा कोणी नाहीच. गॅसची नोंद कुठंच नाही. म्हणजे क्लासनं चोरून गॅस लावला, विकताना घाईनं काढला, आणि त्यांच्याच गाठीनं पल्लवीचं वर्ष गेलं. आणि फळ्यावर फोटो व्यंकटचा!

मी ती गाठ दोन्हीकडून कापून हातात घेतली. नवी वायर सोल्डर करून टाकली आणि त्याच संतापात तडक क्लासवर गेलो. व्यंकट मागं मागं येत होता, "चाचा, सबूर करा, चाचा," म्हणत. सरांच्या केबिनमध्ये गार हवा, भिंतीवर ढाली. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पाणी मागवलं. मग म्हणाले, "चाचा, परीक्षेच्या आधी ही गाडी तुमच्याकडं आली होती ना? व्यंकटच सांगत होता सगळ्यांना."

"आली होती."

"तेव्हा तुम्ही काय सांगितलं?"

मी हातातली गाठ पुढं केली. तिच्याकडं न बघता सरच म्हणाले,

"वायरिंग ठीक आहे, असं सांगितलं. मग पंधरा दिवसांत वायर खराब कशी झाली? की तुम्हीच काही केलं?" आणि हसले. "जाऊ द्या. आपल्या संस्थेच्या अकरा गाड्या आहेत, त्यांचं काम तुम्ही बघा. ही गोष्ट इथंच सोडून द्या."

तो माणूस खोटारडा होता. पण त्यानं विचारलेला प्रश्न खरा होता. मला तेच सहन झालं नाही. मी ती गाठ त्याच्या टेबलावर आपटली. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाहेरच्या पोरांनी पुस्तकातून माना वर केल्या. वॉचमननं माझं कोपर धरलं आणि मला जिन्यापर्यंत आणून सोडलं.

खाली रस्त्यावर आल्यावर व्यंकटनं हळूच विचारलं, "चाचा, तो तुकडा?"

मी परत वर गेलो. टेबल पुसून स्वच्छ. "कसला तुकडा?" सर म्हणाले.

एवढी वर्षं मी लोकांना सांगत आलो की आधी बघा, मग बोला. आणि हाताला लागलेला एकुलता एक पुरावा मी रागाच्या भरात चोराच्याच टेबलावर ठेवून आलो. गाडीत आता माझी नवीकोरी वायर होती. कोणाला दाखवणार आणि काय?

चार दिवसांनी कांबळे कंडक्टर माझ्या दुकानात आले. अंगावर खाकी, खांद्याला तिकिटांच्या मशीनचा पट्टा. सोबत पल्लवी. तिनं हट्ट धरला म्हणूनच ते आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. व्यंकट त्यांना बघून मागं सरकला. कांबळे मला म्हणाले, "पोरगी म्हणती, गाडी आधी एकदा बघू. माणूस पिलेला नव्हता, मी शेजारी बसले होते, म्हणती. सांगा काय ते."

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. दोन-तीन तारांवर मीटर कसं फसतं ते जुनी वायर घेऊन, तिच्या तारा एकेक तोडून दाखवलं. पल्लवीनं मीटर स्वतःच्या हातात घेतलं, मग बल्ब घेतला, आणि शेवटची तार उरेपर्यंत करून बघितलं. माझ्याकडून पंधरा दिवस आधी चूक झाली, हेही सांगितलं. आणि तुकड्याचं सांगितलं.

कांबळे म्हणाले, "म्हंजे पुरावा तुमी त्यांनाच देऊन आलाव?"

"हाव," मी म्हणालो.

"शाब्बास."

मला मान वर करता आली नाही. तेवढ्यात पल्लवी म्हणाली, "पप्पा, गाडीच्या मागच्या सीटखाली भोकं आहेत. माझा पेन एकदा तिथून रस्त्यावर पडला होता."

आम्ही मागची सीट काढली. फाटकी रबरी मॅट उचलली. खालच्या पत्र्याला चार भोकं, नटबोल्ट काढून घेतल्याची. आणि त्या चार भोकांच्या मधोमध गंजाचं एक गोल वर्तुळ. कांबळेंनी वाकून हाताच्या वितीनं ते मोजलं. मग माझ्या दुकानात चहासाठी ठेवलेली घरगुती गॅसची छोटी टाकी उचलून आणली आणि वर्तुळावर ठेवली. बरोबर बसली.

"ह्याच्यावर माझी पोरगी बसून राहिली होती," ते म्हणाले. ओरडले नाहीत. आवाज अगदी बसका झाला होता. टाकी निघाल्यानंतरच पल्लवी त्या गाडीत बसायला लागली होती, हे मी त्यांना सांगितलं. तिच्या आधी कोणाची तरी पोरगी बसलीच असेल, असं ते म्हणाले. मग ते व्यंकटपुढं जाऊन उभे राहिले. शेवटी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "चल."

मला त्यांनी बरोबर नेलं नाही. "तुमी नका येऊ चाचा. तुमी आलं की नुसता आवाज होतो," म्हणाले. पुढचं मला व्यंकटनं सांगितलं ते असं. कांबळे सरांच्या समोर बसले. भोकांचे आणि वर्तुळाचे मोबाइलवरचे फोटो दाखवले, गाडीचे कागद टेबलावर ठेवले आणि विचारलं, आरटीओकडं जाऊ का. सर लगेच उठले, स्वतः जाऊन फळ्यावरचा कागद फाडून आले. "झालं?" म्हणाले.

"न्हाई झालं," कांबळे म्हणाले. "मी एकवीस वर्षं तिकीट फाडून राहिलो सर. कागदाशिवाय कुणाला खाली उतरू देत न्हाई. लिहून द्या."

सरांनी वेळ काढला. फोन घेतले, वर्गावर जाऊन आले. कांबळे आणि व्यंकट खुर्चीवरून हलले नाहीत. शेवटी क्लासच्या कागदावर एक ओळ मिळाली: गाडी बंद पडण्यात चालकाची काही चूक नव्हती. सही आणि शिक्का. कांबळेंनी शिक्का पुसट उमटला म्हणून दुसऱ्यांदा मारून घेतला. आणि तो कागद फळ्यावर, फोटो होता त्याच जागी लावून घेतला.

मी समाधानी नव्हतो, आजही नाही. मी कांबळेंना म्हणालो, तक्रार करा. पोरांखाली घरगुती टाकी ठेवणारा माणूस एका ओळीवर सुटतो काय? ते म्हणाले, "मला पोरीचं गेलेलं वर्ष भरून काढायचंय चाचा. भांडत बसलो तर दुसरंबी जाईल." ते बाप होते. सर आहेत तिथंच आहेत, मजले वाढलेत, फोटो मोठे झालेत. त्या तिन्ही वर्कशॉपवाल्यांनाही कोणी एका शब्दानं विचारलं नाही. चार चांगले इंजेक्टर काढून फेकले, त्यांच्या पोटावर सोडा, बोटावरसुद्धा चरा उमटला नाही. आणि पहिल्या वेळी पेटीत हात न घालणारा मी, मलाही कोणी काही म्हणालं नाही. व्यंकटसुद्धा नाही. तो म्हणाला असता तर बरं झालं असतं.

पल्लवीनं वर्षभर पुन्हा अभ्यास केला. डॉक्टरकीला तिचा नंबर लागला नाही, ती नर्सिंगला गेली. आता रेणापूरला सरकारी दवाखान्यात आहे. पण दुसऱ्या वर्षी तिला परत नांदेडचंच केंद्र आलं होतं, आणि कांबळेंनी व्यंकटला निरोप धाडला की पोरीला तूच न्यायचं. व्यंकट तोवर पोरांची ने-आण सोडून भाजीची खेप करत होता. नको म्हणाला. कांबळे निलंग्याहून येऊन त्याच्या दारात बसले, तेव्हा तयार झाला. माझ्याकडं आला आणि म्हणाला, "तुमीबी चला चाचा. पेटी घेऊन."

मी मागच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन बसलो. पल्लवी पुढं बसली, तिचे वडील माझ्या शेजारी. माळाकोळी आलं, गेलं. गाडी एकदाही अडखळली नाही. केंद्रावर पोचलो तेव्हा गेटवर कुत्रंही नव्हतं. दोन तास बाकी होते. कांबळे पोरीला घेऊन सावलीत गेले. मी उतरलो, चहा घेऊन आलो. व्यंकट स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसाच बसलेला आणि इंजिन चालू.

"बंद कर की रे," मी खेकसलो. "उगं पेट्रोल जाळून राहिलास."

त्यानं मान हलवली. त्याची नजर गेटवर होती.

"आरं, पोचलो आपण! आता कुठं जायचंय?"

"असू द्या चाचा."

ऊन चढलं. पोरं यायला लागली, रांग लागली. पल्लवीनं वडिलांना नमस्कार केला, आमच्याकडं बघून हात हलवला आणि आत गेली. इंजिन चालूच. मी चिडून दोनदा चावीकडं हात नेला, दोन्ही वेळा त्यानं माझं मनगट धरलं. त्याच शिपायानं आतून गेट ओढलं आणि कडी घातली. कडीचा आवाज झाला तेव्हा व्यंकटनं चावी फिरवली, आणि हात चेहऱ्यावर घेऊन तो तिथंच सीटवर आडवा झाला.